लिनक्सवर न चाललेल्या एक्सप्रेसकार्डबद्दल: दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंत, की चार दिवस लॅपटॉप ठेवून घेतला, ७०० रुपये घेतले आणि घरी गेल्यावर यूएसबी ३.० चं एक्सप्रेसकार्ड (लॅपटॉपच्या कडेच्या स्लॉटमध्ये सरकवायचं, जादा यूएसबी पोर्ट देणारं कार्ड) पुन्हा बंद. वर काउंटरवरून ऐकवलं, 'लिनक्सला सपोर्ट नाही, विंडोज टाका.' तक्रार खरी आहे. ते वाक्य तर आमच्या तोंडून जायलाच नको होतं, कारण ते चूक आहे. यूएसबी ३.० चा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, २००९ सालीच, २.६.३१ या आवृत्तीपासून आला आहे.

काल रात्री त्याच मॉडेलचा एक जुना लॅपटॉप काढून बसलो. दुकानात आमच्या मुलाने कार्ड आधी बसवून मग मशीन चालू केलं होतं, म्हणून ते चाललं. तुम्ही घरी चालू मशीनमध्ये कार्ड सरकवलंत. मीही तसंच केलं. कार्ड टक्कन बसलं, पण पुढे काहीच नाही. मग उलटं करून पाहिलं, चालणारं कार्ड बाहेर ओढलं. एलएसपीसीआय ही कमांड जोडलेल्या कार्डांची यादी दाखवते, त्यात त्याचं नाव तसंच, फक्त शेवटी 'रेव्ह एफएफ', म्हणजे कार्डाकडून उत्तरच येत नाही. कार्ड माझ्या हातात होतं आणि सिस्टिमला त्याचा पत्ताच नव्हता. कार्ड आलं-गेलं यावर लक्ष ठेवायचं काम या मॉडेलचं बायोस (मशीन चालू होताना आधी चालणारा, बोर्डावरचा प्रोग्रॅम) कर्नलच्या हाती सोपवतच नाही. लिनक्स सुरू करून देणाऱ्या ग्रब या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये 'पीसीआयई पोर्ट्स' हा पर्याय 'नेटिव्ह' केला, रीस्टार्ट केलं, आणि त्यानंतर पाच वेळा कार्ड काढलं-घातलं. पाचही वेळा ओळखलं गेलं. ही चाचणी तुमचा लॅपटॉप देण्याआधीच व्हायला हवी होती.

डिस्क लावली की टकटक वाजते आणि गायब होते, असंही तुम्ही लिहिलंय. त्याचा लिनक्सशी संबंध नाही. एक्सप्रेसकार्डच्या स्लॉटमधून ३.३ आणि १.५ व्होल्ट मिळतात, यूएसबीला लागतात ५. कार्ड ते आतल्या आत वाढवून देतं. पेन ड्राइव्हला पुरतं, फिरणाऱ्या डिस्कला कमी पडतं. कार्डाच्या कडेला बारीक गोल भोक आहे ना, ते ५ व्होल्टच्या अडॅप्टरसाठी. विकताना हे सांगितलं नाही, ही आमची चूक.

त्या डिस्कमध्ये मुलीच्या लग्नाचे फोटो आहेत, असं तुम्ही म्हणाला होता. कृपा करून तूर्त ती या कार्डावर लावू नका. लॅपटॉपच्या स्वतःच्या यूएसबी पोर्टला लावून आधी कॉपी काढून घ्या. वेळ लागेल, लागू दे.

वेगाचं मात्र आमच्या हातात नाही. तुमच्या लॅपटॉपचा स्लॉट पहिल्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसचा (कार्ड मशीनला जोडणाऱ्या मार्गाचा) आहे, त्यातून सेकंदाला २५० एमबीच्या वर जात नाही. तुमची डिस्क तेवढंही मागत नाही.

७०० रुपये परत देतो, अडॅप्टरही आमच्याकडून. सोमवार सोडून कधीही या, अर्ध्या तासाचं काम आहे. तुमच्यासमोरच करू, आणि कार्ड तुम्ही स्वतः काढून-घालून बघा.