ड्रायव्हर मंडळींची सोय मागे

"गाडी पलीकडं चिंचेखाली लावा, आणि ड्रायव्हर मंडळींची सोय मागं आहे," असं त्या पोराने मला सांगितलं तो रविवार होता. आज बुधवार आहे आणि मी अजून मनातल्या मनात त्याला उत्तर देतोय. सकाळी दाढी करताना तर इतकं झणझणीत उत्तर सुचलं की गालाला कापलं.

झालं काय, तर पुण्याहून मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ. तीन वेळा नाशिकला जाऊन आल्यापासून तो द्राक्षाला द्राक्ष म्हणत नाही, 'व्हरायटल' म्हणतो. त्याला कुणीतरी सांगितलं की अथणीच्या पुढे एका गावात वाइन करतात आणि चाखायलाही देतात. तो व्होल्व्होने आलेला, गाडी माझी, पेट्रोल माझं आणि रविवारही माझाच. निपाणी, चिकोडी, अंकली, कृष्णेचा पूल, कागवाड असं उसाच्या ट्रॅक्टरांमागून रांगत आम्ही निघालो. वाटेत बायकोने हरभऱ्याच्या डहाळ्यांची एवढी मोठी पेंडी घेतली. मागे ठेवली तर साड्यांना आंब लागते, म्हणून पेंडी पुढच्या सीटवर आली, आणि बायको, मेहुणा व त्याची बायको असे तिघं मागे बसले. पेंडीच्या वजनाने गाडी बेल्टसाठी पीं-पीं करायला लागली, म्हणून मी तिला बेल्ट लावला. म्हणजे पुढे मी आणि बेल्ट लावलेला हरभरा, मागे काळे चष्मे लावलेली तीन माणसं. हे बघून कुणीही काढेल तोच निष्कर्ष त्या पोराने काढला, हे मला कळतं. बुधवारी कळतं. रविवारी कळत नव्हतं.

पोरावर माझा तेवढा राग नाही, मेहुण्यावर आहे. एरवी चहा ढवळतानासुद्धा 'दाजी साखर, दाजी चमचा' करणारा हा माणूस. त्या क्षणी एकदा, फक्त एकदा 'दाजी' म्हणाला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. तो म्हणाला, "हां, लावून घ्या तिकडे." बायका आधीच हात-पाय धुवायला आत गेल्या होत्या.

तुम्हीच का नाही सांगितलं, असं बायकोने नंतर विचारलं. आता स्टिअरिंगवर बसून 'मी ड्रायव्हर नाही' हे सांगायचं कसं? शिवाय ड्रायव्हर असणं म्हणजे काही चोरी नव्हे. माझे मामा आयुष्यभर लाल गाडीवर ड्रायव्हर होते आणि त्यांचा रुबाब तहसीलदारापेक्षा जास्त होता.

आणि मला प्यायची नव्हतीच. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम अल्कोहोलच्या वर सापडलं की पहिल्याच खेपेला दहा हजार दंड, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत आत, नाहीतर दोन्ही. मला घरी पोचायचं होतं. पण 'तुम्ही घेणार का' एवढं विचारायला काय जात होतं? लग्नात नाही का, मधुमेहवाल्यालाही जिलबीचा आग्रह करतात. खायची नसते ती, नको म्हणायची असते. माझं 'नको' म्हणायचं राहून गेलं.

मागची सोय म्हणजे पत्र्याची शेड, तीन बाकडी, एक माठ आणि घरघरणारा टेबलफॅन. दोन खरे ड्रायव्हर मोबाइलमध्ये मान घालून बसलेले. एका पोऱ्याने स्टीलच्या पेल्यात जांभळा रस आणून दिला आणि साठ रुपये मागितले. समोरच्या बाकड्यावर सत्तरीचे एक आप्पा बसले होते. धोतर, पांढरी टोपी, गळ्यात तुळशीची माळ, खिशाला पेन आणि पेनाच्या शेजारी एक लहान दुर्बिणीसारखी नळी.

"कुठनं आलासा?"

"निपाणी."

"कुणाच्या गाडीवर हाईसा?"

"माझ्याच."

"मग हितं कशाला बसलासा?"

"बसवलं."

आप्पांनी मान हलवली. बसवणं हा काय प्रकार असतो, ते त्यांना तपशिलात ठाऊक असावं. ते सकाळी नवापासून तिथे होते. टेम्पोतून द्राक्षं आणून घातलेली, वजन झालेलं, पण काट्याच्या पावतीवर साहेबाची सही नव्हती. "सायेब आत पावण्यांस्नी वास घ्यायला शिकवायलाय," ते म्हणाले.

मग त्यांनी माझा पेला मागून घेतला. मला वाटलं तहान लागली असेल. त्यांनी ती नळी काढली, काचेवर रसाचा एक थेंब टाकला, झाकण दाबलं आणि नळी डोळ्याला लावून उजेडाकडे तोंड केलं. ब्रिक्स मीटर. आमच्याकडचे द्राक्षवाले मण्यात साखर किती भरली ते याच्यावर बघतात.

"चौदा," आप्पा म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हंजे मी सकाळी चोवीसची घातलीया. चोवीसच्या खाली आली तर परत न्या म्हणत्यात. आणि तुमच्या पेल्यात चौदा. मधलं धा कुठं गेलं?"

"कुठं?"

"माठात बघा."

म्हणजे ड्रायव्हर समजून मागे बसवलं ते बसवलं, वर साठ रुपयांत पाणी घातलेला रस पाजला. आप्पांनी हे इतक्या शांतपणे सांगितलं की राग माझ्याऐवजी शेजारच्या ड्रायव्हरला आला. तो तिथे दर रविवारी येतो.

आप्पांची तशी सहा एकर बाग, सगळी थॉमसन, बेदाण्याची. घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवायचे, शेडमध्ये जाळीवर पसरायचे, दोन आठवडे वारा खाऊ द्यायचा. चार किलो द्राक्षाचा किलोभर बेदाणा होतो. तो घेऊन तासगावला सौद्याला जायचं. बाग कर्नाटकात, बाजार महाराष्ट्रात आणि उधारी दोन्हीकडे. कर्नाटकाने २००७ मध्ये वाइनचं धोरण आणलं (महाराष्ट्राने २००१ मध्येच आणलं होतं), त्यानंतर कधीतरी कुणीतरी येऊन पटवलं आणि आप्पांनी दोन एकर शिराझ, म्हणजे वाइनची काळी द्राक्षं, लावली. "खायला न्हाई बरी. मनी बारीक, साल जाड, आत बी. पाखरंसुदिक इचार करून खात्यात."

मी भीत भीत माळेकडे बघितलं.

"घेत न्हाई मी," ते म्हणाले. "पन पिकवायला माळ आडवी येत न्हाई. मळीपासनं काय निघतंय म्हायत हाय न्हवं? मग समद्या ऊसवाल्यांनी माळा खुंटीला लावायच्या काय?"

एवढ्यात त्यांच्या मनात काय आलं कुणास ठाऊक. ते उठले, पावती हातात घेतली आणि मला म्हणाले, "चला." आम्ही मागच्या दाराने आत गेलो.

आत थंडगार. लांब लाकडी टेबल, मंद दिवे, पिंपं रचून केलेली भिंत. आमची मंडळी ओळीने बसलेली, समोर प्रत्येकी पाच ग्लास, आणि प्रत्येक ग्लासात तीर्थापेक्षा थोडं जास्त, पंचामृतापेक्षा थोडं कमी असं काहीतरी. माणशी पाचशे रुपये. 'साहेब' म्हणजे मला चिंचेखाली पाठवणारं तेच पोरगं. मेहुणा ग्लास गरागरा फिरवत डोळे मिटून सांगत होता, "लेदर येतंय. येस, लेदर. आणि मागून टोबॅको. आणि पाऊस पडून गेलेल्या जंगलाचा..."

आप्पा थबकले. "काय म्हणायलाय त्यो?"

मी भाषांतर केलं. "चामड्याचा वास येतोय म्हणतो. आणि तंबाखूचा."

"माझ्या द्राक्षाला?"

"वाइनला."

"ती माझ्याच द्राक्षाची हाय." आप्पा टेबलाशी गेले. पोरगं "अज्जा, प्लीज" म्हणेपर्यंत त्यांनी मेहुण्याच्या हातातला ग्लास घेतला, नाकाशी धरला (वास घेतल्याने माळ बाटत नसावी) आणि बराच वेळ विचार केला.

"तंबाकू कसली?" त्यांनी मेहुण्याला विचारलं.

"अं?"

"बिडीची का जर्द्याची?"

मेहुण्याने पोराकडे बघितलं, पोराने पिंपांकडे. "ॲक्च्युअली, सिगार," पोरगं म्हणालं.

"सिगार कुणी बगितलाय हितं? हे दाजी निपाणीचं हाईत. त्यांस्नी इचारा."

आप्पांना माझं नातं कुणीही सांगितलं नव्हतं. ते आमच्याकडे कुणालाही दाजी म्हणतात तसे म्हणाले. पण तो शब्द त्या खोलीत पहिल्यांदा उच्चारला गेला, तो एका परक्या म्हाताऱ्याच्या तोंडून. मी मेहुण्याकडे बघितलं. तो टिश्यूने टेबल पुसत होता.

मी वास घेतला. आता निपाणीच्या माणसाला तंबाखूचा वास ओळखायला सांगणं म्हणजे कोळ्याला मासळीचा ओळखायला सांगणं. वखारींच्या गल्लीत माझं बालपण शिंकण्यात गेलं. म्हटलं, "नाही. तंबाखू नाही. थोडी चिंच आहे."

"चिंच हाय," आप्पा म्हणाले. "आता चामडं बगू." आणि त्यांनी खाली वाकून उजव्या पायातली चप्पल काढली.

पुढची दोन मिनिटं मी मरेपर्यंत विसरणार नाही. ती चप्पल अथणीची, तेल पाजून पाजून काळीभोर झालेली, टाचेला नवा थर मारलेला. अथणीत घरोघरी चपला शिवतात. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार असं आठ जिल्ह्यांत वाटून मिळालं, त्यात आमचा बेळगाव आहे. पण नाव कोल्हापूरचंच राहिलं. ती चप्पल आप्पांनी दोन्ही हातांनी, ताम्हन धरावं तशी पोरासमोर धरली. "घ्या वास. आणि मग ह्या गलासाचा घ्या. आणि सांगा, ह्योच का?"

पोराने वास घेतला. खरंच घेतला. नोकरी करणाऱ्या माणसाला काय काय करावं लागतं.

"नॉट एक्झॅक्टली," ते म्हणालं.

"आता पावनं, तुमी." चप्पल मेहुण्याकडे वळली. त्याची बायको मोबाइल काढून चित्रण करायला लागली. मेहुण्याने डोळे मिटले, सवयीने मिटले असावेत, आणि वास घेतला.

"काय येतंय?"

"चप्पल," मेहुणा म्हणाला.

"बरूबर. आणि जंगल पायजे तर खानापूरला जायाचं. येष्टी हाय." आप्पांनी चप्पल पायात घातली. "चामडं अथनीत, तंबाकू निपानीत, जंगल खानापुरात. समदं आपल्याच जिल्ह्यात हाय. पाचशे कशाला दिलासा?"

मी इतका हसलो की खोकला आला. पण हसणं ओसरल्यावर डोक्यात भलतंच यायला लागलं. ज्या तंबाखूच्या भावासाठी १९८१ मध्ये आमच्या भागातले शेतकरी निपाणीला हमरस्त्यावर बसले, गोळीबारात माणसं गेली, त्या तंबाखूचा नुसता भास होण्याचे आता पैसे पडतात, आणि तोही वास इंग्रजीत. भिंतीवरच्या फळ्यावर पाच वाइनांची वर्णनं होती, वर कन्नडमध्ये, खाली इंग्रजीत, मधे फ्रेंच नावं. मराठी तेवढी नव्हती. आम्हा सीमाभागातल्या लोकांना पाट्या मोजायची खोडच असते, सोडा. टेबलाच्या टोकाला एक झकास स्टीलचं भांडं ठेवलेलं. विचारलं तर कळलं, चाखून झाली की त्यात थुंकायचं. खरे जाणकार गिळत नाहीत. तर ती पिकदाणी होती! आमच्याकडे तंबाखू खाऊन थुंकणारा गावंढळ, आणि इथे थुंकेल तो जाणकार. आणि चाखून थुंकायचीच असेल तर गाडी चालवणाऱ्यानेच काय घोडं मारलं होतं? तोही दोन थेंब तोंडात घोळवू शकला असता. हे त्या पोराला ठाऊक असणारच. तो त्याचा धंदा आहे.

आप्पांनी शेल्फावरची बाटली उचलून किंमत विचारली. नऊशे. एका बाटलीत द्राक्षं किती जातात? किलोभर, फार तर सव्वा. आप्पांना किलोला काय मिळतं ते त्यांनी माझ्या कानात सांगितलं. मी ते इथे लिहीत नाही, कारण ते त्यांनी कानात सांगितलं. पोराने पावतीवर चटकन सही करून दिली. आप्पांनी ती तीनदा वाचली, टोपीत ठेवली आणि कुणाचाही निरोप न घेता मागच्या दाराने गेले.

कुणी माझी माफी मागितली नाही. पोराला तर मी कोण ते शेवटपर्यंत कळलं की नाही, मला शंका आहे. मेहुण्याने चार बाटल्या घेतल्या. बायकोने मला विचारलं, "तुम्ही कुठं होता इतका वेळ?"

गाडी फाटकाशी आली तर वॉचमनने हात केला. काच खाली घेतली. त्याने मागे बसलेल्यांकडे बघून आवाज खाली आणला आणि एक वही पुढे केली. रकाने कन्नडमध्ये आखलेले: गाडी नंबर, पाहुणे किती, बाटल्या किती, रक्कम, सही. बाटलीमागे पन्नास, चार बाटल्यांचे दोनशे. "ड्रायव्हर लोकांचं असतंय," तो म्हणाला. "परत आणा गिऱ्हाईक."

मी सांगू शकलो असतो. मागे बायको होती, मेहुणा होता, शेजारी हरभरा होता. मी दोनशे घेतले, शर्टच्या खिशात घातले आणि सही केली. मराठीत.

"दाजी, काय म्हणत होता तो?" मेहुण्याने विचारलं.

"पार्किंगचं," मी म्हटलं.