सुवेळा पूर्वेला असते

सोसायटीच्या किल्ले स्पर्धेत माझ्या राजगडाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. माझ्या म्हणजे मुलांच्या. कागदोपत्री मुलांच्या. थोरली सात वर्षांची, धाकटा चारचा. दोघांनी मिळून वीस मिनिटं चिखल कालवला आणि "आई, आता तू कर" म्हणत सायकली घेऊन पसार झाले. दिवाळीची सुट्टी मुलांना असते, आईला नसते, हे मला दरवर्षी नव्याने कळतं.

माती विकत आणली. सोसायटीभर पेव्हर ब्लॉक असल्यावर दुसरं काय करणार? नर्सरीतून ऐंशी रुपयाला एक अशी चार पोती. वर ओट्यावर चकलीची भाजणी मळून ठेवलेली आणि खाली पार्किंगमध्ये मी गोणपाट चिखलात बुचकळतेय. त्या दिवशीच्या चकल्या जरा कचकच लागतात असं नवरा म्हणाला. मी खुलासा केला नाही.

बालेकिल्ला उभा राहिला, तीन बाजूंना तीन माच्या निघाल्या, अळीव पेरले आणि नेमके तेव्हाच दुसऱ्या मजल्यावरचे काका खाली आले. काका निवृत्त आहेत. सकाळी फिरायला जातात, संध्याकाळी फिरायला जातात, आणि मधल्या वेळात दुसऱ्यांच्या कामाभोवती फिरतात.

"हा कुठला?"

"राजगड," मी म्हणाले. इथंच चुकलं. 'काल्पनिक' म्हणाले असते तर सुटले असते.

काकांनी चष्मा वर केला. "सुवेळा माची कुठली?"

मी दाखवली. काकांनी खिशातून फोन काढला, त्यातलं होकायंत्र उघडलं आणि फोन हवेत इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा फिरवायला लागले. एकदा, दोनदा, पाचदा. मग स्वतःच गोल फिरले. "काटा बिचकतोय. लोखंड आहे जवळ. ती स्कूटर काढ बरं."

मी चिखलाच्या हातांनी कुणाची तरी स्कूटर ढकलली. काका पुन्हा फिरले आणि डॉक्टर रिपोर्ट वाचताना करतात तसा चेहरा करून म्हणाले, "अगं, सुवेळा पूर्वेला असते. तुझी ट्रान्सफॉर्मरकडे गेलीये. ती पश्चिम."

"काका, मुलांचा किल्ला आहे हो."

"मुलांचा आहे म्हणूनच! महाराजांची २५-२६ वर्षांची राजधानी. आता तर जागतिक वारसा! जुलै २०२५ मध्ये १२ किल्ले गेले यादीत. ११ आपले आणि एक तामिळनाडूतला, जिंजी. बाहेरून लोक बघायला येतील आणि आपल्या मुलांची सुवेळा ट्रान्सफॉर्मरकडे?"

युनेस्कोचं पथक आमच्या बी विंगच्या पार्किंगमध्ये कधी यायचं होतं कोण जाणे.

"मग आता?"

"फिरव किल्ला."

चार पोती ओली माती, तीस विटा आणि एक फुटकी कुंडी. फिरव म्हणे. मी नुसतीच बघत राहिले. तोवर काका खाली वाकले. "आणि नेढं कुठाय? सुवेळेला नेढं हवं. आरपार भोक. संजीवनी माचीची दुहेरी तटबंदीही दिसत नाही." एवढ्यात सायकलवरून थोरली आली आणि गंभीरपणे म्हणाली, "आई, तुला येत नव्हतं तर यूट्यूबवर बघायचंस ना."

गंमत म्हणजे पाली दरवाजावर धाकट्याने हिरवा डायनोसॉर पहाऱ्याला उभा केला होता, बुरुजाच्या दुप्पट उंचीचा. त्याच्याविषयी काकांची काही तक्रार नव्हती. त्याचं तोंड बरोबर दिशेला असावं.

स्पर्धेचे परीक्षक कोण, हे सांगायची गरज नाही. पहिलं बक्षीस ए विंगमधल्या तयार किल्ल्याला. दुकानातून आणलेला, प्लॅस्टरचा, आत दिव्यांची माळ. टीपॉयवर ठेवला आणि झाला! तो टीपॉयसकट फिरवता येत होता, त्यामुळे 'दिशा अचूक' असा खास उल्लेख झाला. आम्हाला एक कंपासपेटी मिळाली. मुलं दोन, पेटी एक. त्यावरून घरात जे पेटलं ते भाऊबीजेपर्यंत धुमसत होतं.

मला खरा राग त्याचा नाही. एका संध्याकाळी नवरा ऑफिसातून येता येता पाच मिनिटं थांबला आणि दोन मावळे सरळ केले, तर तीन बायका म्हणाल्या, "किती हौशी बाबा आहेत हो." चार दिवस मी त्याच चिखलात बसले होते. मला त्या रोज विचारायच्या, "अगं, फराळ झाला का?"

अळीव परीक्षण संपल्यावर चौथ्या दिवशी उगवले. मावळे गुडघाभर हिरवळीत उभे आणि सेक्रेटरींचा मेसेज, 'रविवारपर्यंत माती उचलावी.' त्याच रात्री सोसायटीतल्या काळ्या कुत्र्याने सुवेळा माचीत ऊब शोधली. सकाळी बघते तर आरपार भोक. पलीकडचा ट्रान्सफॉर्मर दिसत होता.

मी घमेलं घेऊन उभी होते. काका फिरून येत होते. थांबले, वाकले, भोकातून पाहिलं.

"वा! नेढं जमलं की गं," ते म्हणाले. मग फोन काढला आणि हवेत आठ काढला. "फक्त पूर्वेला हवं होतं."