कोल्हापुरात जुनी गाडी घेताय? आधी सीट काढायला सांगा

भाच्याला पहिली मोटारसायकल घ्यायची आहे म्हणून महिनाभर आम्ही जुन्या गाड्या बघत फिरतोय. जाईल तिथं त्याचा पहिला प्रश्न, "किती पळालीय?" मीटरचा आकडा मागं फिरवता येतो, बाबा. आपल्या कोल्हापुरात पहिला प्रश्न हाच पाहिजे : २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ही गाडी कुठं उभी होती?

पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. दोन्ही वेळेला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. दारातल्या किती गाड्या बुडाल्या ते आपण डोळ्यांनी बघितलंय. बुडालेली गाडी दुरुस्त करून विकण्यात गैर काही नाही. पण ते लपवून नवशिक्या पोराच्या गळ्यात मारणं ही फसवणूकच आहे.

मी २०२२ मध्ये अशीच एक घेतली. रंग चकाचक, सीट कव्हर नवं. पावसाळा लागला आणि रोज कुठं ना कुठं बंद पडायला लागली. शेवटी उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी टाकी उतरवली, तर वायरिंगच्या कपलरमध्ये, म्हणजे वायरी जोडायच्या प्लगमध्ये, हिरवा गंज आणि वाळलेला गाळ. अख्खं वायरिंग बदलावं लागलं.

म्हणून सांगतो, सीट काढायला लावा. बॅटरीखालचा पत्रा बघा, एअर फिल्टरचा डबा उघडा, हेडलाईटच्या काचेत आतून गाळाची रेघ आहे का बघा. पॉलिश करणाऱ्याचा हात तिथवर जात नाही. इंजिन ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं, तर आत पाणी गेलंय.

जायचं सकाळी, आणि आधीच सांगायचं की गाडी चालू करून ठेवू नका. गेल्या गेल्या इंजिनला हात लावा, गार पाहिजे. गरम गाडी कशीही चालू होते. थंडीत सुरुवातीला थोडी पांढरी वाफ येते, तिला घाबरू नका. निळसर धूर येतच राहिला तर ऑइल जळतंय, परत फिरा. मेन स्टँडवर पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा. मध्यावर अडकलं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेलाय.

सांगाड्यावर कोरलेला चेसिस नंबर आरसीशी स्वतः जुळवा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५, नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. "सह्या नंतर करू" म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

परवा एका मालकानं सीट काढायला नकार दिला. भाचा काही न बोलता उठला, मला फार बरं वाटलं. रविवारी सकाळी सातला पुढची गाडी बघायची आहे, मिस्त्रींना घेऊनच जातोय.