रजा ज्या वर्षी कमावली, त्याच वर्षी वहीत दिसू द्या

मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यातले सरकारी कर्मचारी संपावर गेले, तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर सरळ दोन तट पडले. एकीकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारा चुलतभाऊ, दुसरीकडे कोरडवाहू कपाशी करणारा आतेभाऊ. मी मेलबर्नमध्ये बसून दोघांचं वाचत होतो आणि डोळ्यांपुढे सारखे मोठेबाबा, म्हणजे माझे थोरले काका, येत होते. ते ना सरकारी, ना शेतकरी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका सहकारी जिनिंग-प्रेसिंग संस्थेत ३१ वर्षं हिशेबनीस होते. २०१९ मध्ये निवृत्त झाले तेव्हा रजेच्या रजिस्टरमध्ये त्यांच्या नावावर २४० दिवस शिल्लक होते. संस्थेच्या सेवानियमांप्रमाणे त्याचे पैसे मिळायचे होते. महिना १८,००० पगार, म्हणजे दिवसाला ६०० रुपये, एकूण १,४४,०००. संस्थेकडे ते नव्हतेच. दोन हप्ते मिळाले, पुढचं सगळं तोंडी आश्वासन.

मी इथे एका छोट्या वाहतूक कंपनीचे हिशेब पाहतो. इथे नेहमीच्या वार्षिक रजेशिवाय ‘लाँग सर्व्हिस लीव्ह’ असते. एकोणिसाव्या शतकात इथल्या वसाहतींतल्या सरकारी नोकरांना जहाजाने इंग्लंडला घरी जाऊन येता यावं, म्हणून ती सुरू झाली. आज आमच्या व्हिक्टोरिया राज्यात २०१८ च्या कायद्याने दर ६० आठवड्यांच्या नोकरीमागे एक आठवडा भरपगारी रजा जमा होते आणि सात वर्षं झाली की ती घेता येते.

पण माणसाच्या सातव्या वर्षाची वाट हिशेब पाहत नाही. समजा, एखाद्या ड्रायव्हरची सहा वर्षं झालीत आणि आठवड्याचा पगार १,२०० डॉलर आहे. ३१२ आठवडे भागिले ६०, म्हणजे ५.२ आठवडे, म्हणजे ६,२४० डॉलर. अशी माणसं सातव्या वर्षापर्यंत टिकण्याची शक्यता नव्वद टक्के धरली तर ५,६१६. त्यावर पुढची पगारवाढ धरायची, मग पैसे पुढे द्यायचे म्हणून आजचं मूल्य काढायचं आणि तो आकडा ताळेबंदात देण्यांच्या बाजूला लिहायचा. ज्याची सात वर्षं पूर्ण झालीत, त्याची रक्कम चालू, म्हणजे लगेच द्याव्या लागू शकणाऱ्या देण्यांत जाते, मग तो पाच वर्षं रजा घेणार नाही म्हणाला तरी. तो उद्या मागू शकतो, एवढं पुरे.

गेल्या दिवाळीत ओसरीवर बसून मी हे मोठेबाबांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “रजा जमा आहे हे साऱ्याइले मालूम होतं रे. पन ते संस्थेचं देनं आहे, असं कोनी म्हनलंच नाई.” ज्यांनी ३१ वर्षं संस्थेची पै न पै लिहिली, त्यांचं स्वतःचं येणं त्याच वह्यांत कुठे नव्हतं.

यातली खरी मेख पगाराची आहे. मोठेबाबा १९८८ मध्ये लागले तेव्हा त्यांचा दिवस २० रुपयांचा होता. त्या वर्षी न घेतलेला एक दिवस निवृत्तीला ६०० रुपयांना पडला. म्हणजे दर पगारवाढीला जुन्या साऱ्या शिल्लक दिवसांचं देणं फुगत जातं. ते दरसाल लिहिलं नाही, तर मधल्या चांगल्या हंगामांचा नफा खोटा दिसतो. त्या खोट्या नफ्यातून सभासदांना लाभांश वाटला जातो, आणि शेवटच्या वर्षी सगळा भार एकदम पडतो.

‘हे श्रीमंत देशाचे चोचले’ असं मला सुनावलं जातं. पण हिशेब कसे लिहायचे हे सांगणाऱ्या भारताच्या लेखा मानक १५ मध्येही जमा रजेची तरतूद त्या-त्या वर्षीच करायला सांगितली आहे. पन्नासपेक्षा कमी माणसं असलेल्या, कंपनी नसलेल्या लहान संस्थांना ॲक्च्युअरी, म्हणजे अशा पुढच्या देण्यांचं गणित मांडणारा तज्ज्ञही लागत नाही. वाजवी अशी कुठलीही रीत चालते. शिल्लक दिवस गुणिले आजचा रोज, झालं. भारत अर्थ मूव्हर्सच्या खटल्यात २००० साली सर्वोच्च न्यायालयानेही हे देणं, रजा जमली त्याच वर्षाचं मानलं. पुढे आयकर कायद्यात कलम ४३बी मध्ये भर घालून, पैसे प्रत्यक्ष दिल्यावरच करात वजावट, असं ठरलं. तेव्हापासून ‘सवलत नाही तर तरतूद कशाला’ हे ऐकू येतं. कर केव्हा वाचतो आणि देणं केव्हा तयार होतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तरतूद म्हणजे रोकड नव्हे, हेही खरं. पैसे वेगळे काढावेच लागतात. एलआयसीची त्यासाठी गट योजना आहे.

हंगामी मजुरांचं काय, हा आतेभावाचा प्रश्न मला जास्त बोचतो. रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, चार महिने राबणाऱ्या बाईची सलग सात वर्षं कुठे होणार? व्हिक्टोरियात २०१९ पासून सफाई आणि सुरक्षा कामगारांची ही रजा मालक बदलला तरी कामगाराबरोबर जाते; मालक तिमाहीला त्यासाठीच्या मंडळात पैसे भरतात. पण हे शिकायला इथे यायची गरज नाही. आपल्या १९६९ च्या माथाडी, म्हणजे हमालांसाठीच्या, कायद्याने हेच केलं. मालकांनी मजुरीवर लेव्ही, म्हणजे ठरावीक टक्के जादा रक्कम, भरायची, आणि हमालाची रजा, ग्रॅच्युइटी मंडळाने सांभाळायची. ती सोय रेच्यावरच्या बाईपर्यंत का पोचू नये?

संस्थेत आता एकच कारकून उरलाय, नोकरीला १५ वर्षं झालेला. त्याचे ११२ दिवस शिल्लक आहेत. मोठेबाबांनी माझ्याकडून एका कागदावर त्याचा हिशेब मांडून घेतला. सप्टेंबरच्या आमसभेत तो कागद ते स्वतः सचिवांपुढे ठेवणार आहेत.