प्लग काढून बघा, मग मला घाबरट म्हणा

फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय या गाडीच्या १.२ लिटर टर्बो पेट्रोल इंजिनावर मी लिहिलं होतं की, ताकद वाढवताना आतलं काहीही न बदलता १३० पीएस (पॉवर) आणि २२० एनएमच्या (टॉर्क, म्हणजे पीळ) पुढे जाऊ नये. त्यावर परवा एका वाचकाची प्रतिक्रिया आली: "माझी १५० पीएसला दोन वर्षं चालतेय, काही झालेलं नाही. घाबरट माणसांनी इंजिनावर लिहू नये." सोबत गिअरबॉक्स, इंटरकूलर, ऑइल यांबद्दलही बरंच होतं.

गिअरबॉक्सबद्दल तुमचं बरोबर. डीक्यू२०० या तिच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची टॉर्क झेलायची मर्यादा मी २४० एनएम लिहिली, ती २५० आहे. लेखात दुरुस्ती केली आहे. इंटरकूलर आणि ऑइलच्या मुद्द्यांत दम नाही, त्यात वेळ घालवत नाही.

पण 'घाबरट' हा शब्द मी सोडणार नाही. मतभेद असावेत, हरकत नाही. ज्याला कधी भेटला नाहीत, त्याची लायकी एका ओळीत काढायची ही कुठली पद्धत? कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडिलांचं बोअरिंग-होनिंगचं, म्हणजे इंजिनाचे सिलिंडर कापून-घासून नीट करायचं वर्कशॉप होतं. दहावीच्या सुट्टीपासून मी तिथे रॉकेलमध्ये पिस्टन धुतलेत. तुम्ही गाडी चालवली आहे, मी उघडलेली इंजिनं हाताळली आहेत. या दोन्हींत फरक आहे.

एक सांगतो. मे महिन्यात पाच माणसं घेऊन आंबा घाट चढून आलेली एक छोटी टर्बो पेट्रोल गाडी आमच्याकडे आली. रिमॅप केलेली, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला मॅप बदललेली; डायनोचा, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्राचा कागद मालकाने जपून ठेवलेला. आयडलला थरथरत होती, डिपस्टिकच्या नळीतून धूर येत होता. तिसऱ्या सिलिंडरचा स्पार्क प्लग काढला तर त्याच्या टोकाच्या पांढऱ्या चिनीमातीवर मिरपूड सांडावी तसे बारीक काळे-चंदेरी कण. ते पिस्टनचं ॲल्युमिनियम. हेड उतरवलं तेव्हा पिस्टन वरून धडधाकट दिसत होता. बाहेर ओढला आणि पहिल्या-दुसऱ्या रिंगमधल्या कडेचा नखाएवढा तुकडा माझ्या तळहातावर पडला. सिलिंडरच्या आतल्या भिंतीला उभी चर गेली होती. मालकाला कुणीतरी सांगितलं होतं की कंपनी भरपूर मार्जिन ठेवते. त्या माणसाचा चेहरा मला अजून आठवतो, म्हणून मी १३० लिहितो.

डायनोवर इंजिन आठ-दहा सेकंद पूर्ण लोडवर असतं. घाटात ते वीस मिनिटं असतं, आत येणारी हवा तापलेली, दुसरा गिअर, पाय दाबलेला. नॉकिंग, म्हणजे आतलं पेट्रोल अवेळी भडकणं सुरू झालं की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठिणगीचं टायमिंग मागे घेतो आणि पिस्टन वाचवतो. मॅपमध्ये ती जागाच शिल्लक ठेवली नसेल तर तो मागे कुठे घेणार?

आणि पीएसचा आकडा छातीठोक सांगता, एनएमचा का नाही? पॉवर वरच्या आरपीएमला मिळते, तिथे गाडी क्षणभर असते. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड मार खातात ते खाली, दीड-दोन हजार आरपीएमला बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब कोंबला की. २०१६ च्या स्कोडा सुपर्बचं १.८ टीएसआय इंजिन घ्या. मॅन्युअल गिअरबॉक्सला ३२० एनएम, डीएसजी या ऑटोमॅटिकला २५०. पॉवर दोन्हींत १८० पीएसच. ती डीएसजी हीच डीक्यू२००. म्हणजे गिअरबॉक्स किती झेलेल हे बघून कंपनीने टॉर्क कापला, पॉवरला हात लावला नाही. त्या इंजिनिअरांनाही घाबरट म्हणणार आहात का?

तुमची गाडी दोन वर्षं टिकली, मला आनंदच आहे. किती किलोमीटर, कुठल्या रस्त्यावर, ते मात्र तुम्ही लिहिलेलं नाही. पुण्यातल्या पुण्यात सिग्नलपासून सिग्नलपर्यंत पळालेली दोन वर्षं मी पुरावा मानत नाही.

चारही प्लग काढा, उजेडात धरून चिनीमातीचे फोटो घ्या. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. तुमच्या मॅपमध्ये दोन हजार आरपीएमला टॉर्क किती आहे, तो आकडा ट्यूनरकडून मागून घ्या. हे सगळं इथे टाका. प्लग स्वच्छ असले आणि कॉम्प्रेशन सारखं असलं तर मी तुमच्या गाडीवर वेगळा लेख लिहीन.