‘एक वचन पुरे’? निकदेमाला पुरलं नव्हतं

गेले काही आठवडे मुंबईतल्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय. सार असं: ‘सुवार्ता (येशूची शुभवार्ता) समजावत बसू नका. योहान ३:१६ (‘देवाने जगावर एवढी प्रीती केली की त्याने आपला एकुलता एक पुत्र दिला…’) सांगा, सुवार्तेचं छापील पत्रक हातात द्या, पुढे चला. बाकीचं पवित्र आत्मा बघेल.’ आधाराला बायबलमधले तिघे: फिलिप्पैचा तुरुंगाधिकारी, अथेन्समधला प्रेषित पौल आणि येशूशेजारी वधस्तंभावर असलेला चोर. मला तो चार जणांनी पाठवला. त्यांच्या तळमळीबद्दल शंका नाही, वाचनाबद्दल आहे.

आधी ३:१६ च घेऊ. हे वचन येतं निकदेमाशी चाललेल्या संभाषणाच्या ओघात. निकदेम म्हणजे इस्राएलाचा गुरू. ‘नव्याने जन्म’ म्हटल्यावर तोही गडबडला: म्हाताऱ्याने परत आईच्या पोटात शिरायचं का? मग येशूने त्याला पाणी, वारा, मोशेने रानात उंच केलेला सर्प, असं एकेक करून सांगितलं. सोळाव्या वचनाआधीची पंधरा वचनं या बोलण्यातच गेली आहेत.

आता तेच परळच्या चाळीत. कॉलेजात असताना मी शेजारच्या काकूंना मोठ्या उत्साहाने ‘नवा जन्म’ सांगितला. त्या म्हणाल्या, “अरे बाबा, जन्माच्या फेऱ्यातून सुटावं म्हणून आयुष्यभर वारी केली, आणि तू आणखी एक जन्म घ्यायला सांगतोस?” माझी बोलती बंद. ‘तारण’ (आमच्या भाषेत पापातून सुटका) म्हटलं की त्यांना आठवायचं सोनेतारण कर्ज. ‘देवाचा पुत्र’ म्हणाल तर गणपती आणि कार्तिकेय आहेतच. आपण रविवारी जे शब्द डोळे मिटून म्हणतो, ते बाहेर भलताच अर्थ घेऊन उभे असतात.

अर्थ न उलगडता नुसतं सामर्थ्य दाखवलं तर काय होतं, ते बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये १४ मध्ये आहे. लुस्त्र गावात पौलाच्या शब्दाने पांगळा चालू लागला आणि लोकांनी त्याचा सोबती बर्णबा याला झ्यूस, पौलाला हर्मीस हे आपले देव ठरवून बळी द्यायला बैल आणले. पौलाने कपडे फाडले आणि सुरुवात केली पाऊस आणि पिकांपासून, यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याच्यापासून नाही. (माहीमच्या चर्चमध्ये बुधवारी नोव्हेना प्रार्थनेच्या रांगेत उभं राहून पाहा. नवस फेडून घरी बाप्पाची तितक्याच मनोभावे आरती करणारे भेटतील.)

तुरुंगाधिकाऱ्याचं उत्तर सोपं आहे. ‘प्रभू येशूवर विश्वास ठेव’ हे कृत्ये १६:३१. मेसेज तिथेच थांबतो. ३२ व्या वचनात त्याला आणि त्याच्या घरातल्या सर्वांना प्रभूचं वचन सांगितल्याचं लिहिलंय, मध्यरात्रीनंतर, पाठीवर फटक्यांचे वळ असताना.

अथेन्सबद्दलचा मुद्दा मात्र जुना आणि चिवट: तिथे पौलाने तत्त्वज्ञान सांगितलं, फसला, म्हणून पुढच्या करिंथ शहरात फक्त ‘वधस्तंभावर खिळलेला ख्रिस्त’. फसला कुठे? दियोनुस्य, दामारी आणि आणखी काहींनी विश्वास ठेवल्याचं तिथेच आहे. करिंथात तर तो दर शब्बाथाला सभास्थानात वाद घालत होता आणि दीड वर्ष राहून शिकवत होता. त्याने टाळला तो वक्तृत्वाचा डामडौल.

राहिला चोर. तो येशूला ‘आपल्या राज्यात’ याल तेव्हा माझी आठवण करा, असं म्हणतो. म्हणजे राज्याची कल्पना त्याला आधीच होती.

पत्रकाच्या बाजूने हमखास कवी नारायण वामन टिळकांचा दाखला येतो. आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला, हे खरं. पण १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा होईपर्यंत मध्ये वाचन होतं, शंका होत्या, पत्रव्यवहार होता. कोणीतरी बसून त्या पत्रांना उत्तरं लिहिली.

एक मान्य करतो. समजावणं म्हणजे प्रवचन झोडणं नव्हे, आणि आमच्यातल्या काहींना हा फरक खरंच कळत नाही. मलाही कळत नव्हता. काकूंना पुढे मी सिद्धांत सांगणं सोडलं आणि लूक १५ मधला, वाटणी घेऊन गेलेला आणि सगळं उधळून परतलेला धाकटा मुलगा सांगितला; बापाने त्याला जवळ केलं म्हणून थोरला रुसून घराबाहेर थांबतो. त्यांनी मधेच थांबवून विचारलं, “आणि थोरला? तो शेवटी घरात आला का?” शास्त्रात ते लिहिलेलं नाही, म्हटलं. त्यावर त्यांनी चहा टाकला, आणि आम्ही दिवेलागणीपर्यंत थोरल्याबद्दल बोलत बसलो.