/होम वेगळं असलं तरी डिस्ट्रो बदलताना बॅकअप हवाच

लिनक्सवर (उबुंटू, फेडोरा, डेबियन असे त्याचे तयार संच म्हणजे डिस्ट्रो) नव्याने येणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो: "/होमचं, म्हणजे आपल्या फायली-सेटिंग्जच्या फोल्डरचं, पार्टिशन (डिस्कचा भाग) वेगळं ठेवा आणि डिस्ट्रो खुशाल बदला. काहीच जात नाही, सेटिंग्जही जशाच्या तशा राहतात. शिवाय मशीन हलकं होतं, अडलेलं वायफायही चालू लागतं." सल्ला चांगल्या मनाने दिलेला असतो, पण त्यावर विसंबून लोकांचा डेटा जातो.

काहीच जात नाही? फोटो, कागदपत्रं वाचतात, हे खरं. पण मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेसचा डेटाबेस सहसा /व्हार या सिस्टिमच्या फोल्डरमध्ये असतो, डॉकरचे व्हॉल्यूम, म्हणजे कंटेनरमधल्या अ‍ॅप्सचा साठवलेला डेटाही तिथेच. ठरल्या वेळी आपोआप चालावीत म्हणून क्रॉनला लावलेली कामंही /होमबाहेरच असतात. नवा डिस्ट्रो टाकताना सिस्टिमचं रूट पार्टिशन फॉरमॅट केलं की हे सगळं पुसलं जातं. आणि इन्स्टॉलरमध्ये फॉरमॅटची खूण चुकून /होमपुढे पडली, तर तेही गेलंच. एकाच डिस्कवरचं दुसरं पार्टिशन म्हणजे बॅकअप नव्हे.

सेटिंग्जचं म्हणाल तर फेडोरावरून डेबियन स्टेबलवर जाऊन बघा. तिथला फायरफॉक्स बहुधा जुन्या आवृत्तीचा असतो, आणि 2019 च्या 67 व्या आवृत्तीपासून फायरफॉक्स नव्या आवृत्तीत वापरलेलं प्रोफाइल (बुकमार्क, पासवर्ड, सेटिंग्जचा संच) जुन्यात उघडू देत नाही. नवं प्रोफाइल करायला सांगतो. फायलींची मालकीही खात्याच्या नावावर नाही, खात्याला मिळालेल्या आकड्यावर ठरते. पहिल्या खात्याला साधारणपणे 1000 मिळतो, दुसऱ्याला 1001. नव्या सिस्टिमवर दोन खाती उलट्या क्रमाने उघडली, तर स्वतःच्याच फायलींना 'परवानगी नाही' असं उत्तर येतं.

मशीन जड वाटतं ते बहुतेकदा डेस्कटॉपमुळे, म्हणजे खिडक्या-मेनू दाखवणाऱ्या भागामुळे. उबुंटूवरच एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप टाका, लॉगिनच्या वेळी ते निवडा आणि फरक बघा.

वायफायच्या मुद्द्यात एकेकाळी तथ्य होतं. डेबियन 11 पर्यंतच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये नॉन-फ्री फर्मवेअर (वायफायसारख्या चिपना लागणारं, मुक्त परवाना नसलेलं सॉफ्टवेअर) नसायचं. 2022 मध्ये डेबियनने मतदान घेऊन ते धोरण बदललं, आणि 2023 च्या डेबियन 12 पासून हे फर्मवेअर आत आलं. आता अडतं ते बऱ्याचदा कर्नल (सिस्टिमचा गाभा) जुना असल्यामुळे, आणि नवा कर्नल डेबियनच्या बॅकपोर्ट्समधून, म्हणजे स्टेबलसाठी दिलेल्या नव्या पॅकेजेसच्या साठ्यातून, डिस्ट्रो न बदलता मिळतो.

तरीही बदलायचंच असेल तर जरूर बदला. आधी लाइव्ह यूएसबीवर, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून नवा डिस्ट्रो चालवून, वायफाय, आवाज, स्लीप तपासा. डेटाबेसचा डंप (फाइलमधली प्रत) काढा, /ईटीसी (सिस्टिमच्या सेटिंग्जचं फोल्डर) आणि /होम दुसऱ्या डिस्कवर उतरवा, आणि त्या प्रतीतल्या दोन-चार फायली उघडून पाहिल्याशिवाय इन्स्टॉलर सुरू करू नका.